शब्बीरचाचांचा अँप्लिफायर

शब्बीरचाचांच्या घरी पाहुण्याला चहा उशिरा मिळतो, कारण आधी अँप्लिफायर तापावा लागतो. तो तापल्याशिवाय गाणं लावायचं नाही आणि गाण्याशिवाय चहा प्यायचा नाही, असा चाचांचा नियम. "तापल्याबिगर खुलत न्हाय," असं ते म्हणतात. दुधाबद्दल म्हणतात, ट्रॅक्टरबद्दल म्हणतात आणि जावयाबद्दलही.

इंदापुरात त्यांचं कापडाचं दुकान होतं, ते आता बंद आहे. दुकानातला अँप्लिफायर आणि कपाटाएवढे दोन लाकडी स्पीकर तेवढे घरी आले. मी शेजारी राहतो, लोणी देवकरला कारखान्यात कामाला आहे. आमचा मिक्सर बिघडत चाललाय हे मला चाचांनी भिंतीपलीकडून सांगितलं होतं. कानाचा त्यांना फार अभिमान. मोबाइलवर गाणी ऐकणाऱ्यांची तर त्यांना कीव येते. "डबीत माशी कोंडल्यागत वाजतंय," म्हणतात.

म्हणून एका रविवारी त्यांनीच "मोबाइल स्पीकरला जोडता येतो का?" असं विचारलं, तेव्हा मला नवल वाटलं.

बारामतीहून मी ब्लूटूथची छोटी डबी आणली. पूर्वी टेप जोडायचे त्या जागी तिची पिन बसवली. चाचा वाकून बघत होते.

"मोबाइलची वायर कुठंय?"

"वायर लागत नाही चाचा. आवाज हवेतून येतो."

"आन् वाटंत दुसऱ्याच्या घरात शिरला तर?"

नाही शिरणार, असं मी सांगितलं. त्यांना ते फारसं पटलं नाही. अँप्लिफायर तापेपर्यंत आम्ही बसून राहिलो. मग मी विचारलं, "कुठलं गाणं लावू?"

"गाणं न्हाय," ते म्हणाले आणि चाचीला बोलवायला आत गेले.

चाचीला अलीकडे फार कमी ऐकू येतं. मुलगी नसीम मस्कतला असते. ती बोलून निरोप पाठवते; फोनवरचा आवाज चाचीपर्यंत पोचतच नाही. चाचा ऐकतात आणि तिच्या कानाशी ओरडून सांगतात, "बरी हाय." दरवेळी एवढंच.

चाचांनी तिला स्पीकरला लागून बसवलं आणि आवाज वाढवला. "अम्मी, जेवलीस का?" नसीम खोलीभर बोलू लागली. खिडकीची काच थरथरली. चाचीनं स्पीकरच्या जाळीवर तळहात ठेवला आणि निरोप संपेपर्यंत काढला नाही.

"सर्दी झालीया तिला," ती म्हणाली. "नाकात बोलतीय."

चाचांनी तो निरोप सकाळपासून कितीदा तरी ऐकला होता. ते हळूच म्हणाले, "माझ्या ध्यानात न्हाय आलं."

"गरम पाणी पी म्हणावं. सांगा तिला."

"मी न्हाय सांगत. तूच सांग."

बटणावर अंगठा दाबून त्यांनी मोबाइल तिच्या तोंडासमोर धरला. इतक्या दिवसांनी लेकीशी काय बोलावं, ते चाचीला सुचेना. निरोपात नुसती शांतता भरत होती. चाचांनी तिला घाई केली नाही.