तीन उंचीची रेल्वे

विभागीय प्रतिकृती रेल्वे संमेलन यवतमाळला भरवण्याचा निर्णय माझे बाबा गेल्यानंतर त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या जेवणात झाला. निर्णय घेणारे गोपालराव त्या वेळी दुसऱ्यांदा बुंदी वाढून घेत होते. "मारोतरावाची इच्छा अधुरी राह्यली, तं आपण कायचे दोस्त?" असं ते म्हणाले आणि पंगतीतल्या सगळ्यांनी माना हलवल्या. तोंडात घास असताना मान हलवणं सोपं असतं. अशा रीतीनं गोपालराव संयोजन समितीचे अध्यक्ष झाले.

बाबांची इच्छा तशी लहान होती. विजेच्या खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी घरातच, आईच्या ओट्याला लागून, छोट्या रेल्वेचा रूळ टाकला होता. भाकरी थापता थापता तिला गाडी दिसावी म्हणून रुळाची उंची ओट्याएवढी ठेवली. पुढे हा नाद पसरला. मुकुटबनच्या शाळेत शिकवणाऱ्या ममताबाईंनी आणि उमरखेडचे दुकानदार शंकरसिंग यांनी आपापल्या गावच्या स्टेशनाचा तुकडा करायला घेतला; यवतमाळचा बाबा करणार होते. ही स्टेशनं खऱ्यावरून नव्हे, मनातून करायची होती, त्यामुळे कुठलीच चूक होण्याची भीती नव्हती. तिन्ही टेबलं एका पातळीत यावीत म्हणून बाबांनी ओट्याच्या मापाची एक काठी कापली होती. टेबलं जोडायची, गाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत न थांबता जाऊ द्यायची आणि आईनं ते बघायचं, एवढाच बेत होता. त्याआधीच बाबा गेले.

त्यानंतर आई कुणाकडे काही मागत नव्हती. संमेलनाचं कळल्यावर मात्र म्हणाली, "मले भाषणं नाही आयकाची. गाडी पुरी जाते का, तेवढं पाहाचं हाये."

नकाशावर यवतमाळ, मुकुटबन आणि उमरखेड ही गावं एका रेषेत येत नाहीत. समितीनं ती पहिल्याच बैठकीत आणली. नंतर काठीचा विषय निघाला. काठी ही दिवंगतांची अखेरची खूण आहे, ती जमिनीवर टेकवून टेबलं मोजत बसणं बरं दिसत नाही, असं गोपालरावांचं मत पडलं. काठी काचेच्या पेटीत ठेवून तिला हार घालावा, असा ठराव एकमतानं मंजूर झाला. ममताबाईंचं टेबल सुदैवानं त्याआधीच मोजून झालं होतं. यवतमाळ आणि उमरखेडकडे आता वंदनाला काठी होती, मापाला नव्हती.

"ओटा अजून घरीच आहे," मी म्हटलं. "त्याचं माप घेता येईल."

"बेटा, तुह्या दुःखाची समितीले जाण हाये," गोपालराव म्हणाले आणि त्यांनी मला पाण्याचा ग्लास दिला.

दुसऱ्या बैठकीत उद्घाटनाचा विचार झाला. गाडीला हिरवा झेंडा मुख्य पाहुणे दाखवणार होते. पाहुणे कोण हे ठरायचं होतं. पण जे कोणी येतील ते वाकणार नाहीत, याविषयी दुमत नव्हतं. ओट्याएवढ्या टेबलावरची गाडी बघायची तर थोडं वाकावं लागतं. सबब यवतमाळचं टेबल छातीएवढं उंच करण्यात आलं.

हे ऐकून शंकरसिंग उभे राहिले. "मंग उमरखेड काहून खाली? आधीच आम्हाले लोकं अर्धे मराठवाड्यात धरते." हा प्रश्न प्रादेशिक समतोलाचा असल्यानं चर्चा न करता उमरखेडही छातीएवढं झालं.

मध्ये मुकुटबन राहिलं.

"तुमच्या टेबलाचे पाय वाढवा मॅडम," गोपालराव म्हणाले.

"हे मारोतराव सरांच्या मापाचं हाये," ममताबाई म्हणाल्या. "सरांचं माप चुकलं, असं समितीनं म्हणावं. मी आजच वाढवते."

 मग ठराव झाला. दिवंगतांचं माप चुकलं असं म्हणणं हा दिवंगतांचा अवमान ठरेल, म्हणून मुकुटबन वर जाणार नाही. पाहुण्यांना वाकायला लावणं हा पाहुण्यांचा अवमान ठरेल, म्हणून यवतमाळ खाली येणार नाही. उमरखेडला आता खाली आणणं म्हणजे उमरखेडचाच अवमान. अशा तऱ्हेनं सर्वांचा मान राखल्यावर टेबलांच्या मध्ये जो चढउतार उरला, त्याला 'तांत्रिक बाब' म्हणायचं ठरलं.

तांत्रिक बाबीसाठी हस्तांतरण उपसमिती नेमली गेली. गाडी यवतमाळच्या कडेला आली की उपसमितीनं ती उचलायची, मुकुटबनला ठेवायची, पुन्हा उचलून उमरखेडला चढवायची. उचलणाऱ्यांना पांढरे हातमोजे मिळणार होते. ज्यांनी आयुष्यात ही गाडी पाहिली नव्हती, अशा अनेकांनी तिची सेवा करण्याची तयारी दाखवली.

रंगीत तालमीत इंजिन गोपालरावांनी स्वतः उचललं. बाबांनी त्यात सेल बसवले होते, त्यामुळे उचलल्यावरही चाकं फिरत राहिली आणि हातमोज्यात अडकली. "हे तं हातात वळवळते," गोपालराव म्हणाले. म्हणून इंजिन बंद करून न्यायचं ठरलं. बंद इंजिन रुळावरून आपोआप जात नाही, ही गोष्ट एका सदस्याच्या लक्षात आली. त्यावर गोपालरावांनी शांतपणे विचार केला. एवीतेवी दोनदा उचलायचीच आहे, तर मधल्या वेळी खाली कशाला ठेवा? रुळावरून घसरली तर पाहुण्यांसमोर जिल्ह्याची काय पत राहील? गाडी पहिल्यापासून शेवटपर्यंत हातातूनच न्यावी. रूळ मोकळे होतील, त्यावर पुष्पगुच्छ ठेवता येतील.

"काका, पण मग गाडी चालणार कधी?" मी विचारलं.

पाण्याचा ग्लास आला. त्या महिन्यात मी पुष्कळ पाणी प्याले.

संमेलन यवतमाळबाहेर लोहाऱ्याच्या बाजूला, बांधकाम सुरू असलेल्या एका सभागृहाच्या आवारात झालं. गर्दी अपेक्षेपेक्षा जास्त लोटली. काठीला हार घातला गेला. बाबांसाठी सगळे उभे राहून शांत झाले, आणि ती शांतता खरंच चांगली होती. मग पाहुण्यांनी न वाकता झेंडा दाखवला. गोपालराव इंजिन घेऊन निघाले, त्यांच्यामागे एकेक डबा हातात घेतलेले सदस्य. सगळे टेबलांच्या कडेनं सावकाश चालत होते. लोकांनी मोबाईल वर केले.

आई पहिल्या रांगेत होती. "गाडी चालून राह्यली का गोपालभाऊ चालून राह्यले?" तिनं मला विचारलं.

"शू, बाई," शेजारचे गृहस्थ म्हणाले.

गाडी उमरखेडला पोहोचली. टाळ्या झाल्या. एखादी गाडी इतकी वेळेवर पोहोचल्याचं आपण प्रथमच पाहतो आहोत, असं पाहुणे म्हणाले आणि आणखी टाळ्या झाल्या.

आई उठली. मुकुटबनच्या टेबलाजवळ जाऊन तिनं रुळावरचे पुष्पगुच्छ एकेक करून बाजूला ठेवले. मी आणि ममताबाई मदतीला गेलो. आईनं वाकून टेबलाचे पाय पाहिले. "याच्याखाली विटा लावल्या तं जाते नं गाडी?"

"जाते वहिनी," शंकरसिंग हळूच म्हणाले. ते मंचावरून उतरून आमच्याजवळ आले होते. "पण आता विटा कुठून?"

विटा आवारातच होत्या, बांधकामाच्या. खुर्च्या कमी पडल्यामुळे मागच्या लोकांनी त्या ओढून आणल्या होत्या आणि त्यांवर ते बसले होते. आई तिकडे गेली. पदर खोचून ती रांगेतून फिरू लागली.

"जरा उठता का भाऊ? टेबलाखाली लावाच्या हायेत."

पहिला म्हणाला, "मी आत्ताच बसलो माय. त्या भाऊले माग." त्या भाऊनं सांगितलं, "गाडी तं पोचली नं? साहेब बोलले आत्ता." तिसऱ्यानं विचारलं, "अध्यक्षायले इचारलं का?" चौथा मोबाईलवर गाडीचा व्हिडिओ बघत होता.

मग ती तुमच्यापाशी आली; तुम्हीही त्याच रांगेत विटांवर बसला होतात. तुम्ही तिचं सगळं म्हणणं ऐकून घेतलंत. फार वाईट झालं, असंही म्हणालात. आणि एवढ्या उन्हात या वयाची बाई उभी आहे हे बघून, तुम्ही थोडं सरकून त्याच विटांवर तिला बसायला जागा करून दिलीत.