पंखाला आलेली विभूती

खाडीकाठच्या एका जंगलात, बाळांनो, पांडबा साळिंदर घरच्या घरी विमान बांधत होता.

अकरा वर्षं बांधत होता. अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे कापायचे, स्वतःच्याच काट्याने भोकं पाडायची, रिव्हेट ठोकायचे. त्याची बहीण हिराबाई खाडीपलीकडे दिली होती. खाडीत मगरी होत्या. पांडबाला एकदाच पलीकडे जाऊन तिच्या हातची भाकरी खायची होती.

विमान झालं. पंख तेवढे लावायचे राहिले होते. ते शेडमध्ये टांगलेले होते.

दसऱ्याला शेजारी पूजेला आले. त्यांनी एका पंखावरच नारळ फोडला. पाणी पत्र्याच्या सांध्यात गेलं. ओला हार तसाच राहिला. वर खाडीचा खारा वारा होताच. चार महिन्यांत पंखावर पांढरी भुकटी फुलली.

पांडबाने ठोके मास्तरांना बोलावलं. हे सुतारपक्षी. तीस वर्षं एका विमानतळावर पत्रे वाजवून पाहायची त्यांची नोकरी होती.

मास्तरांनी चोच मारली. कान लावला.

"पत्रा गंजतोय, पांडबा. पण अजून वरवरच आहे. वाचेल."

"तारेची घासणी आहे घरात."

"ती नको. लोखंडाचे कण पत्र्यात अडकतात आणि मग तो दुप्पट सडतो. प्लास्टिकची मऊ घासणी घे. घास, सौम्य आम्लाने धू, भरपूर पाणी मार, खडखडीत वाळव. मग लगेच प्रायमर. आठ दिवसांचं काम आहे."

पांडबा घासणी घेऊन बसला. तेवढ्यात दारात कोल्हेबुवा आले. जंगलातल्या सगळ्या पूजा तेच सांगत.

"अरे, काय करतोस?"

"गंज काढतोय, बुवा."

"गंज लाल असतो. हे पांढरं आहे." बुवांनी बोटावर भुकटी घेतली, कपाळाला लावली आणि डोळे मिटले. "दसऱ्याला पूजा झाली, आता विभूती फुटली. अजून काय पुरावा पाहिजे तुला?"

दुसऱ्या दिवशी शेडबाहेर रांग लागली. पोपटांच्या दैनिकात पहिल्या पानावर बातमी आली. ठोके मास्तरांचं म्हणणं कुणी विचारलं नाही. पोपटांना जागा कमी पडली.

"मला बहिणीकडे जायचंय हो," पांडबा म्हणाला.

"स्वार्थी आहेस," रांगेतली म्हैस म्हणाली. "माझा गुडघा या विभूतीवर बरा होतोय."

रोज ओरबाडून विभूती संपू लागली. मग बुवांनी पंखाला खाडीच्या पाण्याचा अभिषेक सुरू केला. विभूती पुन्हा भरभरून आली. सिंहमहाराजांनी फर्मान काढलं: शेडमध्ये घासणी नेण्यास मनाई. ठोके मास्तरांना 'गंज' हा शब्द वापरल्याबद्दल नोटीस गेली.

पावसाळा सरला तेव्हा पंखातून दारापलीकडचं आभाळ दिसू लागलं. बुवांनी तिथे तारे मोजले आणि हाही कौलच असल्याचं सांगितलं.

दुसऱ्या दसऱ्याला महाराज शेडमध्ये आले.

"पंख लाव रे. या पवित्र विमानातून आम्ही खाडीवर फेरी मारणार."

पांडबाने पाना हातात घेतला. पंख सडलाय म्हणावं, तर विभूतीचा अपमान. चांगला आहे म्हणावं, तर राजाचा जीव जायचा.

शेवटी तो म्हणाला, "लावतो, महाराज. फक्त शेजारच्या जागेवर बुवांना बसवा. त्यांच्या पुण्याईनेच हा पंख असा झालाय."

"योग्य," महाराज म्हणाले. "बसा, बुवा."

बुवांनी पंखाकडे पाहिलं. मग खाडीकडे पाहिलं. एक मगर जांभई देत होती.

"महाराज," बुवा म्हणाले, "पत्रा गंजलाय. अ‍ॅल्युमिनियमचा गंज पांढराच असतो. वरवर होता तेव्हाच मऊ घासणीने काढायला हवा होता. तारेची चालत नाही, लोखंडाचे कण अडकतात. मग सौम्य आम्ल, भरपूर पाणी, वाळवणं आणि लगेच प्रायमर. आता इलाज नाही. पंख नवा लागेल."

सगळे थक्क झाले. पोपटांनी विशेष पुरवणी काढली: 'बुवांनी राजाचे प्राण वाचवले'. बुवांना विमानसुरक्षेचं प्रमुखपद मिळालं. ठोके मास्तरांची नोटीस कायम राहिली. तेच बोलणं त्यांनी आठ महिने आधी, आणि विनापरवाना, केलं होतं.

पांडबा नवा पंख बांधू लागला. हिराबाई खाडीपलीकडे वाट पाहत राहिली. पाच वर्षांनी पंख झाला. दसरा आला. शेजारी नारळ घेऊन दारात उभे राहिले.

"पायरीवर फोडा," पांडबा हात जोडून म्हणाला. "पंखावर नको."

शेजारी समजूतदार होते. त्यांनी नारळ पायरीवरच फोडला. पाणी तांब्यात धरलं आणि आत आणून पंखावर ओतलं.

तात्पर्य: बाळांनो, पत्र्यावर पांढरं दिसलं तर कपाळाला लावावं. घासणी शोधायची घाई करू नये. विमानात राजा बसेपर्यंत तो गंज नसतो.