मंगळवारपर्यंत हसू नका

त्या पंधरवड्यात वॉर्डात कुणी हसलं की मोठ्या सिस्टर दटावायला धावायच्या. एरवी त्या काही हसण्याच्या वैरी नव्हत्या. पण संशोधक बाई मंगळवारी पुन्हा येणार होत्या, आणि तोवर सगळ्या नर्सनी दुःखी राहणं भाग होतं.

त्याचं असं झालं. दुसऱ्यांची दुखणी बघून बघून नर्सच्या मनावर किती ताण येतो, ते मोजणारी प्रश्नावली परमुलखात कुणीतरी तयार केली होती. ती आपल्या भाषेत आणली तर इथल्या नर्सना लागू पडते का, हे बघायला बाई आल्या होत्या. मोठ्या डॉक्टरांनी त्यांच्यासमोरच जाहीर करून टाकलं, "हे काम नीट पार पडलं, तर वॉर्डामागची अडगळीची खोली तुम्हा नर्सच्या विश्रांतीसाठी." झालं, सिस्टरांचा जीव त्या खोलीत अडकला. त्यांच्या हाताखालच्या पोरी चहा प्यायच्या त्या चादरींच्या कपाटाआड उभ्या राहून, आणि रडायचं झालं तर न्हाणीघरात नळ सोडून.

प्रश्नावली भरली त्याच्या आदल्याच दिवशी खिडकीजवळच्या खाटेवरची चिमुरडी गेली होती. त्यामुळे झोप उडते का, जेवण जात नाही का, छातीत धडधडतं का, प्रत्येक प्रश्नापुढे पोरींनी 'नेहमी'वर खूण केली. 'रुग्णांची स्वप्नं पडतात का?' यावर रेडिओ म्हणाली, "आधी झोप तर लागू द्या!" अखंड बोलते म्हणून तिचं नाव रेडिओ.

त्या चिमुरडीचं अंग शेवटचं पुसलं होतं ते मोठ्या सिस्टरांनी. त्यांनी मात्र वरपासून खालपर्यंत 'कधीच नाही'. मोठ्यांनीच हातपाय गाळले तर पोरींनी कुणाकडे बघायचं?

जाताना बाई म्हणाल्या, "पंधरा दिवसांनी हेच प्रश्न पुन्हा विचारीन. दोन्ही वेळची उत्तरं जुळली पाहिजेत हं, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात."

सिस्टरांनी खूणगाठ बांधली. आणि नेमकं तेव्हापासून सगळं चांगलंच घडायला लागलं.

ज्यांची आशा सोडली होती ते कोपऱ्यातले आजोबा एका सकाळी उठून बसले आणि चहात साखर कमी म्हणून भांडले. पोरींनी टाळ्या पिटल्या. सिस्टर धावत आल्या.

"टाळ्या कसल्या वाजवताय? किती दुःखी होतात त्या दिवशी! आठवा जरा!"

आजोबा घरी निघाले तेव्हा पोरींच्या नजरेला पडू नयेत म्हणून त्यांना मागच्या जिन्याने उतरवलं. त्यांच्या लेकीने आणलेला खाऊचा डबा औषधांच्या कपाटात कुलूपबंद झाला. "अहो, मी काय चोरी केलीय का?" आजोबा जिनाभर विचारत होते.

मग धाकटी नर्स आली. "सिस्टर, काल कित्येक दिवसांनी गाढ झोपले."

"का?"

"का म्हणजे? झोप आली म्हणून!"

"लिहून दिलंयस ना नेहमी उडते म्हणून? मग उडव ना!"

सोमवारी तर कहर झाला. "सिस्टर, माझं लग्न ठरलं!" रेडिओ दारातूनच ओरडली.

सिस्टर मटकन स्टुलावर बसल्या. "बुधवारी कर गं."

"लग्न?"

"आनंद!"

इकडे सिस्टरांच्या तोंडची चव गेली. घरी नवरा म्हणे, "अगं, दोन घास तरी खा." घास फिरायचा. फोन वाजला की दचकायच्या, कोण बरं झालं आता? डोळा लागलाच तर पोरी खोखो हसताना दिसायच्या, आणि त्यांच्यामागे खिडकीजवळची ती रिकामी खाट.

मंगळवारी बाई आल्या. पोरींनी मुकाट्याने पहिल्यासारख्याच खुणा केल्या. सिस्टरांनी 'कधीच नाही'साठी पेन उचललं. झोप उडते का? जेवण जात नाही का? छातीत धडधडतं का? पेन पुढे सरकेना. शेवटी त्यांनी वरपासून खालपर्यंत 'नेहमी'वर खुणा केल्या आणि कागद घेऊन बाईंपुढे उभ्या राहिल्या.

"बाई, सगळ्यांचं जुळलंय. माझंच बिघडलं. माझं नाव कापा, पण खोली कापू नका हो."

बाई कागद चाळत होत्या. "इतकं जुळलंय? ही मुलगी मघाशी लग्नाचं सांगत होती आणि इथे म्हणते पुढे सगळा अंधार! काय केलंत तुम्ही?"

सिस्टरांनी सगळं सांगितलं. बाईंनी कपाळाला हात लावला.

"अहो, परीक्षा प्रश्नांची होती, तुमची नव्हती! हे ठरवून जुळवलेले कागद सगळे बाद झाले आता."

सिस्टरांना रडू कोसळलं. खोलीसाठी सुरू झालेलं रडणं हळूहळू चिमुरडीपाशी पोचलं. "केस किती मऊ होते हो तिचे," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. बाईंनी खुर्ची जवळ ओढली आणि त्यांचा हात धरून बसल्या. मग सिस्टरांचा कागद तेवढा उचलून, त्यांना विचारून, त्या तडक मोठ्या डॉक्टरांकडे गेल्या. "माझ्या कामाला हा वॉर्ड उपयोगाचा नाही," त्या म्हणाल्या. "पण हा एक कागद खरा आहे. खोलीला तेवढा पुरे."

अडगळ निघाली, खाट आली. "गादी बघते जरा," म्हणत मोठ्या सिस्टर आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्याच नाहीत. बाहेर पोरींनी आजोबांचा डबा उघडला होता, रेडिओ सासरच्यांची नक्कल करत होती. धाकटीने खोलीत डोकावून पाहिलं आणि तोंडावर बोट ठेवलं.

"हसू नका गं. सिस्टर झोपल्यात."