दोन डाव्या बाह्या आणि एक नाक

"आणि ही भोकं बुजवायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं?" सून म्हणाली.

"भोकं बुजवायला कुणी सांगावं लागत नाही," मी म्हटलं. "भोक दिसलं की बुजवायचं. याच धंद्यावर हे घर उभं आहे."

"आई, ती भोकं कंपनीनं मुद्दाम ठेवलेली असतात."

"मग कंपनीचा शिंपी कामचुकार आहे."

हे भांडण आमच्या दुकानात, सकाळी साडेदहाला, ऐन गिऱ्हाइकीच्या वेळी चाललं होतं. कटिंगच्या टेबलाच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला सून, आणि मध्ये टेबलावर, खडूच्या तुकड्यांशेजारी, माझा मास्क. गिऱ्हाइकाच्या स्टुलावर मास्कच्या कंपनीची मशीनवाली मुलगी बसली होती. तिनं मास्क उचलला आणि उलटसुलट करून बघितला, दुसऱ्या शिंप्यानं बिघडवलेला कोट मी बघते तसा. (ते बघणं मला चांगलं ठाऊक आहे. त्यात जीभ टाळ्याला लावून 'च्' असं करायचं असतं. तिनं ते दोनदा केलं.)

मास्क कसला आणि भोकं कसली, ते आधी सांगायला हवं. सगळं दोन डाव्या बाह्यांपासून सुरू झालं.

मी शिवणकाम कुणाकडे शिकले नाही. शाळेतही फार टिकले नाही. अक्षरं शिकले ती कापडाच्या ताग्यांवरच्या छापांवरून, आणि कटिंग शिकले ती कपडे उसवून. चांगल्या शिंप्याचा कोट हाती लागला की तो सगळा उसवायचा, तुकडे मांडायचे आणि पुन्हा जोडायचा. पहिल्या कोटात तीन तुकडे उरले होते, पण कोट आमच्या ह्यांचा असल्यामुळे तक्रार आली नाही. पुढे चाळीस वर्षं मी या टेबलावर राज्य केलं. माप नजरेनं घेते. माणूस दारातून आत आला की स्टुलापर्यंत पोचेस्तोवर त्याची छाती, कंबर आणि खोटं बोलायची सवय, तिन्ही मला कळलेली असतात. पोट आत ओढून उभी राहणारी गिऱ्हाइकं तर मी लांबूनच ओळखते, आणि त्यांना मनातल्या मनात दोन इंच वाढवून देते.

मग गळ्यात टेप कशाला, असं कुणीही विचारेल. टेप मी मापासाठी नाही, भांडणासाठी ठेवते. गिऱ्हाईक तावातावानं बोलायला लागलं की मी शांतपणे म्हणते, "हात वर करा, माप घ्यायचंय." हात वर केलेल्या माणसाला भांडता येत नाही. करून बघा. शब्द छातीतून वर चढतच नाही.

तीन महिन्यांपूर्वी मी एका वकिलाचा काळा कोट बेतत होते. दुपारचे तीन वाजले होते. बाहीच्या गोलाईबद्दल मी जरा डोळे मिटून विचार केला. (सून याला झोप म्हणते.) वकील ट्रायलला आला, त्यानं डावा हात घातला, छान बसला. उजवा घातला, तर तळवा पाठीमागे वळला. मागून कुणी काही देईल ते घ्यायला उभा असल्यासारखा तो दिसायला लागला. मी कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या होत्या.

वकील बोलायला लागला. मी टेप काढली आणि म्हटलं, "हात वर करा." डावा वर गेला. उजवा त्या बाहीनं कोपरापाशीच अडवून धरला. चाळीस वर्षांत एक हात खाली ठेवून माझ्याशी भांडलेला तो पहिला माणूस, आणि तोही वकील. त्याला एक हात भरपूर झाला.

त्या संध्याकाळी सुनेनं माझी मोठी कात्री कपाटात ठेवली आणि किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली.

त्या कात्रीबद्दल सांगायला हवं. लोखंडी आहे, दहा इंची, आणि तिची वरची कडी झिजून झिजून माझ्या अंगठ्याच्या आकाराची झाली आहे. दुसऱ्या कुणाच्या हातात ती चालतच नाही. ती नसली की मी दुकानात बटणं लावणारी एक म्हातारी असते, बाकी काही नाही.

"आधी डॉक्टर," सून म्हणाली. "टेबलाशी उभ्या उभ्या झोपता तुम्ही. आज बाही गेली. उद्या बोट जाईल."

सून एरवी कमी बोलते. मुलगा जहाजावर असतो, वर्षातले आठ महिने आम्ही दोघीच दुकान चालवतो. वीस वर्षांत ती माझ्यापुढे आवाज चढवून बोलली नाही. तेव्हाही चढवला नाही. त्यामुळेच मी डॉक्टरकडे गेले.

तिथं एक रात्र त्यांनी मला वायरी लावून झोपवलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "आजी, झोपेत तुमचा श्वास थांबतो. तासाला एक्केचाळीस वेळा. याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. म्हणून दिवसा डोळा लागतो."

"मोजणारा चुकला असेल," मी म्हटलं.

"अडतीस," शेजारून आमचे हे पुटपुटले. ह्यांचं आयुष्य घड्याळं दुरुस्त करण्यात गेलं. ते दिवसातून दोन-चार वेळा असा एखादा आकडा पुटपुटतात, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

तर असं ते मशीन घरात आलं. उशाशी एक खोकं, खोक्याला नळी, नळीला मास्क, आणि तो मास्क नाकावर. हवेच्या दाबानं घसा उघडा राहतो, असं म्हणाले. अट सुनेनं घातली: महिनाभर रोज किमान चार तास मास्क लावून झोपायचं, मग कात्री परत. मी म्हटलं, लावलाच होता असं सांगायला काय जातं. पण ते मशीन चहाडखोर निघालं. कोण किती वेळ झोपलं, ते रोज सकाळी स्वतःच कंपनीला कळवतं, आणि कंपनी सुनेच्या मोबाइलला. आपल्याच उशाशी आपलाच खबऱ्या.

मास्क द्यायला हीच मशीनवाली मुलगी आली होती. तिच्याकडे नाक मोजायची एक कागदी पट्टी होती. कागदी पट्टी. माझ्या नाकाला.

"बाई," मी म्हटलं, "माणसांची मापं घेण्यात माझा जन्म गेला. पट्टी ठेव बाजूला. स्मॉल दे."

एवढंच. हा एक शब्द मी बोलले, आणि पुढचे सत्तावीस दिवस त्यानं मला बोलायला दुसरं काही शिल्लक ठेवलं नाही.

डाव्या कुशीवर वळलं की हवा माझ्या डोळ्यात. उजव्या कुशीवर वळलं की ह्यांच्या मानेवर. हे मफलर गुंडाळून झोपायला लागले. मास्कच्या कडेनं हवा निसटताना टर्रर्र असा आवाज येई, नवं मांजरपाट फाडावं तसा. एकदा हे झोपेतच म्हणाले, "पुरे, किती मीटर फाडतेस?" मी तोंड उघडून उत्तर द्यायला गेले, तर नाकातून शिरलेली सगळी हवा तोंडातून बाहेर पडली आणि माझं बोलणं शिट्टीसारखं ऐकू आलं. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण मला ह्यांना एका वाक्यात उत्तर देता आलं नाही असं पहिल्यांदाच घडलं.

मग मी ठरवलं, माल सदोष आहे, तो ऑल्टर करायचा. मोठी कात्री कपाटात होती, पण दोरे तोडायची चिमटी कात्री माझ्या शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये होती. आधी पट्टे एकेक इंच आत घेतले. गालांवर वळ उठले, हवा होती तिथूनच जात राहिली. मग आतून फ्लॅनेलचं अस्तर लावलं. अस्तराला पॅटर्न हवा, म्हणून जवळ जो कागद होता त्यावर नाक आखलं आणि कापलं. तरी हवा जायची ती जायचीच. शेवटी मी मास्क उजेडात धरला आणि मला चोर सापडला. नाकाच्या पुढ्यात, नळी जोडतात तिथं, बारीक बारीक भोकांची एक रांग होती. मी हसले. अस्तराचंच ठिगळ घेतलं, कापड चिकटवायचा गोंद लावला, आणि ती भोकं अशी बुजवली की शोधून सापडू नयेत.

त्यानंतर मास्क लावला की दहा मिनिटांत जीव घुसमटायचा आणि डोकं ठणकायचं. आधी रात्री जेमतेम चाळीस मिनिटं मास्क टिकायचा, तो हिशेब आता बारावर आला. अठ्ठाविसाव्या दिवशी मी कंपनीला निरोप धाडला: तुमचं मशीन घेऊन जा. आणि सुनेला म्हटलं: मशीन गेलं, अट गेली, कात्री काढ.

त्यावरून हे भांडण.

"आजी," मशीनवाली म्हणाली, "आपण सोडलेला श्वास या भोकांतून बाहेर जातो. ती बुजवली तर आपलाच सोडलेला श्वास आपण पुन्हा आत ओढतो. डोकं दुखणारच. हे फार धोक्याचं आहे."

"मग तसं लिहून द्यायचं होतं."

"लिहिलंय ना. पुस्तिकेत, पान अकरा." तिनं खोक्यातून पुस्तिका काढली आणि पान अकरा उघडलं. पान अकराच्या मधोमध माझ्या नाकाच्या आकाराचं एक भगदाड होतं. त्यातून पान तेरा दिसत होतं.

सुनेनं खाली मान घातली. तिचे खांदे हलत होते. (मी ते रडणं समजायचं ठरवलं.)

"हसायचं काही काम नाही," मी म्हटलं. "कागद कागदच असतो. हे मशीन माझ्या अंगाला लागत नाही, एवढं साधं आहे. मला काही होत नाही. दुपारी माणसाला जरा पेंग येते. एवढ्यासाठी माझी कात्री कोंडून ठेवता? काढ ती कात्री."

"नाही काढणार."

"दुकान माझं आहे."

"म्हणूनच नाही काढणार."

तेवढ्यात आमचे हे आतून आले. हातात एक जुनी वही होती, घड्याळांच्या दुरुस्तीची नोंद ठेवायची. ती त्यांनी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "हे बघून घ्या, मग भांडा."

वहीत तारखा होत्या आणि तारखांपुढे आकडे. सोळा. एकवीस. एकोणीस. चौतीस. पानंच्या पानं.

"हे काय?" मी विचारलं.

"सेकंद," हे म्हणाले. "तुझा श्वास थांबला की मी घड्याळ बघतो. एकदा तासभर मोजलं, तर अडतीसदा थांबला. सहा वर्षं झाली."

"सहा वर्षं तुम्ही मला झोपेत लाथा मारता, असं मी आख्ख्या जगाला सांगत आले."

"लाथ नव्हे गं. बंद पडलेलं घड्याळ जरा हलवलं की चालू होतं. तेवढंच करत होतो." त्यांनी एका आकड्यावर बोट ठेवलं. बावन्न. "या रात्री तीनदा हलवावं लागलं. घड्याळ असतं तर मागचं झाकण उघडून बघितलं असतं."

मशीनवालीनं मास्क हळूच खाली ठेवला. सुनेनं वही जवळ ओढली, आणि बावन्नवर तिचं बोट माझ्यापेक्षा जास्त वेळ थांबलं. तिला त्या किल्लीचं ओझं होत होतं, हे मला तेव्हा दिसलं. पण दिसलं म्हणून मी लगेच हरणार होते का?

"ठीक आहे," मी म्हटलं. "श्वास थांबतो, मान्य. मशीन चांगलं असेल, तेही मान्य. पण मास्क बेतणारा आंधळा होता. माझ्या नाकाचं माप त्यानं चुकवलं. चूक त्याची, शिक्षा मला."

मशीनवालीनं फाइल उघडली. "तुमची साइझ... स्मॉल. खाली लिहिलंय, 'पेशंटनं माप देण्यास नकार दिला.'" तिनं माझ्या नाकाकडे बघितलं, दोन इंच वाढवून देणाऱ्या नजरेनं. "आजी, तुमचं नाक लार्ज आहे."

लार्ज. माझ्याच दुकानात, माझ्याच स्टुलावर बसून.

मी बोलायला तोंड उघडलं. माझ्याकडे पुष्कळ होतं बोलण्यासारखं. कागदी पट्ट्यांबद्दल होतं, हल्लीच्या मुलींबद्दल होतं, आणि नाक हा माणसाचा खासगी भाग असण्याबद्दलही होतं. पण नाकाचं माप घ्यायला हात वर करावे लागत नाहीत, हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा माझे दोन्ही हात डोक्याच्या वर होते आणि छातीतून एक शब्द चढत नव्हता, कारण सुनेनं माझ्या गळ्यातली टेप काढून घेतली होती आणि नेहमीच्याच खालच्या आवाजात म्हटलं होतं, "आई, हात वर करा, माप घ्यायचंय."