नंबर एकची साखर

लोकांशी आदराने कसं वागायचं हे आपल्याला कोणी शिकवायला नको, ते घरूनच येतं, असं नागपूरच्या लतिकाने अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावी, आपल्या अपार्टमेंटमध्ये जाहीर केलं होतं. रूममेट नेत्रा मॅगी ढवळत "बरं" एवढंच म्हणाली.

आदराची गरज होतीच. दोन तासांवरच्या एका गावात मेक्सिकोहून आलेली कुटुंबं राहत, आणि तिथल्या बायकांच्या मधुमेहावर लतिकाची पीएचडी अडकली होती. चार वर्षांपूर्वी कुठलीशी टीम येऊन त्यांचं रक्त घेऊन गेली होती. रिपोर्ट अजून यायचा होता. तेव्हापासून या बायका कुठल्याच अभ्यासकाला दारातही उभं करत नव्हत्या. लतिकाला मोठ्या मुश्किलीने एका रविवारची भेट मिळाली. त्या नाही म्हणाल्या, तर तीन वर्षांची मेहनत पाण्यात!

चर्चच्या तळघरात पंधरा-वीस बायका मक्याच्या पानांत पीठ गुंडाळून तमालेस करत बसल्या होत्या. मधोमध दोन्या एर्लिंदा. दोन्या म्हणजे आपल्याकडच्या काकूच, पण ज्यांच्या शब्दाबाहेर कोणी जात नाही अशा. लतिकाने चौसष्ट प्रश्नांचा फॉर्म बगलेत धरला, पुढे झाली आणि संस्कारांना जागून सरळ वाकली.

पाया पडणं हा प्रकार त्या तळघरात कोणी पाहिलाच नव्हता. पोरगी चक्कर येऊन पडतेय, असं समजून दोघींनी तिला धरून खुर्चीत बसवलं, तिसरीने तोंडावर पाणी मारलं. लतिका कॅसेटवरून शिकलेल्या स्पॅनिशमध्ये "आदर, आदर" म्हणत राहिली. बायकांना वाटलं, बरळतेय. दोन्यांनी पर्समधून साखर तपासायचं मशीन काढलं, नवी सुई लावली आणि तिच्या बोटाला टोचली. आकडा त्यांच्या स्वतःच्या आकड्यापेक्षा मोठा निघाला!

मग दोन्यांनी खाली पडलेला फॉर्म उचलला, चष्मा लावला आणि पहिल्या प्रश्नापासून सुरुवात केली. काल भाजी किती खाल्ली? चिप्स भाजीत धरतात का, असं लतिकाने विचारून पाहिलं. रात्री मॅगी. सकाळी चहात बुडवून सात बिस्किटं.

"आणि ही आम्हाला विचारणार, आम्ही काय खातो ते," दोन्या म्हणाल्या.

लतिकाला तोंड कुठे लपवू असं झालं. पण खरं सांगायचं तर बाईंच्या पद्धतीला तोड नव्हती. उत्तर लिहिण्याआधी त्या "लिहू ना?" असं विचारत, लिहिलेलं वाचून दाखवत, चुकलं असेल तर खोडत. विद्यापीठाने दोन सेमिस्टरच्या कोर्समध्ये जे शिकवलं नाही, ते लतिका ओल्या केसांनी त्या खुर्चीत शिकली. तिने भीत भीत विचारलं, प्रश्न तुम्हीच ठरवाल का?

बायकांनी ठरवले. चौसष्टातले एकवीस ठेवले आणि अट घातली: जे निघेल ते आधी या तळघरात मोठ्याने वाचायचं, मग विद्यापीठात. नावं नाहीत, फक्त नंबर. आणि पहिला फॉर्म भरलाच आहे, तो वाया घालवायचा नाही.

दीड वर्षाने, २००६ च्या वसंतात, लतिका तिथेच निकाल वाचायला उभी राहिली. दिलेला शब्द पाळल्याचा तिला कोण अभिमान! प्रश्नांची उत्तरं देता देता बायकांचं खाणंही सुधारलं होतं; बेचाळीस जणींपैकी एकेचाळीस जणींची साखर उतरली होती. टाळ्या पडल्या.

"आणि उरलेली?" दोन्यांनी विचारलं.

शब्द म्हणजे शब्द. "नंबर एक," लतिका कागदात तोंड घालून म्हणाली, "आहे तिथेच."

नाव कोणीच घेतलं नाही. दोन्यांनी फक्त शिजवलेल्या घेवड्याचा वाडगा भरला आणि तिच्यासमोर सरकवला.