दोन चिपा आणि कूलरसमोरचा कोपरा

दोन वस्तूंची रीतसर तुलना झाल्याशिवाय त्यांतली एकही घरातून हलवता येत नाही. हिंगण्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले वामनराव अकरा रविवारांपासून या तत्त्वाची निष्ठेने सेवा करत होते.

त्यांच्या सुनेचं, कामिनीचं, मागणं तसं किरकोळ. आठ महिन्यांची गार्गी रांगू लागली होती, तिला कूलरसमोरचा कोपरा हवा होता. तिथे चाळीस वर्षांपूर्वीचे दोन घरगुती संगणक नांदत होते. झेड-८० चिपचा वामनरावांचा, ६५०२ चिपचा त्यांचे साडू रुपरावांचा (१९९१ पासून तात्पुरता ठेवलेला). हरेल तो भंगारात जाईल आणि कोपरा गार्गीला मिळेल, असा ठराव एकमताने झाला. (गार्गी त्या वेळी ठरावाचा कागद चघळत होती.)

"माहा सेकंदाले पस्तीस लाख ठोके मारते. तुहा वीस लाख," वामनराव म्हणाले.

"ठोके मारून काय करतं गा?" रुपराव म्हणाले. " माहा दोन ठोक्यांत काम उरकते, तुह्याले चार लागते. मालकावर गेला."

"बाबा, दोन्ही माळ्यावर काहून ठेवत नाही?" कामिनीने विचारलं.

"निकाल लागल्याबिगर?" दोघेही दुखावले.

दोन्ही संगणकांनी दहा हजारांपर्यंत मोजायचं, अशी परीक्षा ठरली. जुना टीव्ही एकच, म्हणून एक या रविवारी, दुसरा पुढच्या. पण मधल्या आठवड्यात पारा चव्वेचाळीसवरून शेहेचाळीसवर जाई, आणि वेगळ्या उन्हातली तुलना न्याय्य नसल्यामुळे दोन्ही निकाल बाद होत. एकूण खर्ची पडलं ते असं: तर्रीपोहे बावीस प्लेट, टेबलाला आपटून गार्गीच्या कपाळावर टेंगळं तीन, निकाल शून्य.

बाराव्या रविवारी पारा अखेर मागच्याइतकाच भरला. आकडा नऊ हजार आठशे बारावर असताना गार्गी सरसर रांगत आली आणि तिने वायर ओढून प्लग काढला.

मग रुपरावांनी हातातलं स्टॉपवॉच पाहिलं.

"दरवाजापासून एकोणीस सेकंद. गेल्या रविवारी तीस लागले होते."

"नात कोनाची हाये?" वामनराव म्हणाले.

त्याच संध्याकाळी दोन्ही संगणक सुरक्षेच्या कारणास्तव माळ्यावर गेले (सुरक्षा संगणकांची). कामिनीने कोपऱ्यात गोधडी अंथरली. आता दोघे साडू तिथेच स्टॉपवॉच घेऊन बसतात.

तरी वाचकहो, कोणती चिप जिंकली असती, हाच प्रश्न तुमच्या मनात घोळतो आहे. प्लग ओढताना पोरीला लागलं का, हे तुम्ही विचारलंच नाही. (नाही लागलं.) या साडूंच्या तुलना-समितीत तुमची जागा पक्की आहे. रविवारी या, पोहे आहेत.