कडेला लिहिलेलं

आफ्रिकेतल्या दार-ए-सलामहून मुलाचं, किरणचं पार्सल आलं तेव्हा प्रमिलाबाईंनी दोन कप चहा टाकला. येणार कुणीच नव्हतं. पार्सल आलं म्हणून टाकला.

आत लांबरुंद कापड निघालं. पिवळंधमक, लाल काठाचं, मधे आपल्यासारख्याच कोयऱ्या. खालच्या कडेला इंग्रजी अक्षरांत काहीबाही छापलेलं. कडेला छापलेलं म्हणजे मिलचं नाव, हे प्रमिलाबाईंना कुणी सांगायला नको होतं. त्यांनी ती पट्टी कापली आणि उरलेल्याचं फ्रिजला झकास कव्हर शिवलं.

रविवारी फोन आला. एरवी तो मिनिटभराचा. "जेवलीस?" "जेवले." "गोळ्या?" "घेतल्या." मग दोघंही फोन धरून गप्प, मेहरूणच्या तळ्यावरच्या टिटव्या तेवढ्या बोलत.

आज किरणनं विचारलं, "आई, कांग्यावरची ओळ वाचलीस?"

"त्या कापडावरची? मिलचं नाव काय वाचायचं?"

"मिल नाही गं! इथं तोंडानं बोलवत नाही ते बाया कापडाकडून बोलवून घेतात. सवतीला टोमणा, नवऱ्यावरचा राग, सगळं त्या कडेवर. मुलगा आईला कांगा देतो तो ओळ बघून. तीन दुकानं फिरलो मी."

"मग काय लिहिलंय?"

"फोटो काढ. स्वाहिलीचं मराठी मोबाईलच करून देईल," म्हणत त्यानं घाईनं फोन ठेवला.

पट्टी शेजारच्या मंदाबाईंनी नेली होती. प्रमिलाबाई तशाच धावल्या.

"ती तं मी लोणचानी बरनीले बांधी," मंदाबाई म्हणाल्या, "आनि बरनी कामिनीले धाडी दिनी, पिंपळनेरले."

लगेच लेकीला फोन लावला. कामिनी तिकडून ओरडली, "ती चिंधी व्हय, मावशी? गोठामा टांगेल व्हती. म्हैसनी खाई टाकी!"

मंदाबाई पोट धरून हसल्या. प्रमिलाबाई घरी आल्या. फ्रिज पिवळाधमक, मुका उभा होता. किरण कामात असेल म्हणून त्या स्वतःहून कधी फोन करत नसत. आज केला.

"तुझी ओळ म्हशीनं खाल्ली."

"काय?"

"पिंपळनेरच्या. आता तूच सांग."

"राहू दे ना, आई. दुसरा पाठवतो."

"तोवर मी काय फ्रिजशी बोलू?"

बराच वेळ टिटव्याच बोलल्या. मग चौतीस वर्षांच्या इंजिनिअरनं घसा खाकरला.

"लिहिलं होतं... आई, तुझ्यावाचून करमत नाही."

प्रमिलाबाईंना लख्ख ऐकू आलं. त्यांनी डोळे पुसले, फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आवाज कटतोय रे," त्या म्हणाल्या. "परत बोल."